अठ्ठावन्न सेकंद

पहिलं गाणं अठ्ठावन्न सेकंदांचं होतं. हा आकडा मला झोपेतून उठवून विचारला तरी मी सांगेन, आणि तो चुकीचा होता हेही त्याच दमात सांगेन. पण तो चुकीचा होता हे कळायला मला तीन महिने लागले. त्या तीन महिन्यांत मी एका चांगल्या मित्राचं मनगट सुजवलं आणि त्याला नको ते बोललो. आज बाळकुमला चौदाव्या मजल्यावरच्या घरात बसून हे लिहिताना तेव्हाची वही माझ्यासमोर आहे. पन्नाशी उलटल्यावर माणसाला स्वतःच्या वहीतल्या चुका शांतपणे वाचता येतात.

आमचं घर डोंबिवली पूर्वेला, दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. मोजण्याची सवय मला बाबांकडून आली. औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात ते वर्क स्टडी विभागात होते. कामगाराशेजारी स्टॉपवॉच घेऊन उभं राहायचं, एक काम करायला त्याला किती वेळ लागतो ते टिपायचं, आणि त्यावरून दिवसभरात किती काम व्हायला हवं याचा नॉर्म ठरवायचा, ही त्यांची नोकरी. ते घड्याळ चष्म्याच्या जुन्या डबीत, मलमलीच्या फडक्यात गुंडाळलेलं असे. रात्री जेवताना बाबा कारखान्यातलं फार बोलत नसत, पण एक गोष्ट त्यांनी बऱ्याचदा सांगितली होती. ‘मी उभा राहिलो की लोकांचे हात जड होतात. व्हायलाच हवेत. आज त्यांनी भराभर करून दाखवलं तर उद्यापासून आम्ही तेवढंच रोज मागणार. त्यांच्या जागी मी असतो तर मीही हळू केलं असतं.’ असं म्हणून ते आमटी वाढून घेत.

आईचं सगळं उलट. तिनं आयुष्यात चमचा वापरून मीठ घातलं नाही. कुकरच्या शिट्ट्यासुद्धा ती मोजत नसे, वासावरून गॅस बंद करी. तिची एकच काळजी अशी होती की मस्कतला नोकरी करणारे तिचे दीर, माझे काका, तिथे नीट जेवत नाहीत. काका पत्रं लिहीत नसत. कॅसेटवर बोलून ती कुणाबरोबर तरी पाठवत. रविवारी माशाची आमटी आणि भात झाला की आम्ही तिघं टू-इन-वनसमोर बसून ती कॅसेट ऐकायचो. काकांचं बोलणं घाईघाईचं आणि आवाज किनरा येई. ऐकून आईचे डोळे भरत. ‘भावजींचा आवाज किती बारीक झालाय हो. खंगले असतील.’ मग मस्कतला जाणारा माणूस शोधून त्याच्याबरोबर कुळथाचं पीठ, सांडगे आणि लोणच्याची बरणी रवाना होई. बाबा म्हणत, ‘रेकॉर्डिंगमध्ये तसं वाटतं.’ विषय संपे.

त्या टू-इन-वनबद्दल इथेच सांगून टाकतो. चौदा वर्षांचा असताना मी तो एकदा उघडला होता. टेप रडत रडत चालायचा, गाणी ओढल्यासारखी येत. मी आतला रबराचा पट्टा बदलला, आणि मोटरच्या पाठीमागे एक बारीक स्क्रू दिसला तो थोडा फिरवला. गाणी जिवंत वाटायला लागली. आणखी थोडा फिरवला. कानाला बरं वाटलं तेव्हा थांबलो आणि झाकण लावलं. घरात माझं कौतुक झालं.

एकोणिसाव्या वर्षी माझ्या हातात ती कॅसेट आली. आमच्या वरच्या मजल्यावर माया राहायची, माझ्याच कॉलेजात, माझ्याहून एक वर्षानं मोठी आणि जिभेनं बरीच पुढे. तिचा मावसभाऊ बोटीवर होता, त्यानं कुठल्याशा बंदरातून आणलेली साठ मिनिटांची कॅसेट. कव्हर नव्हतं. वर बॉलपेनने एकच शब्द लिहिलेला, हार्डकोर. डबीत झेरॉक्सचा एक मळका कागद घडी करून ठेवलेला. मायानं ती माझ्या टेपमध्ये घातली आणि पहिल्या गाण्याला स्वयंपाकघरातून आई धावत आली. तिला वाटलं टेपचा स्फोट झाला. ती दारात पोचेपर्यंत गाणं संपलेलं.

मी तोपर्यंत रॉक वगैरे थोडंफार ऐकलं होतं. लांब केसांची माणसं, पाच मिनिटांचं गाणं, त्यात दीड मिनिट एकटा गिटारवाला. मला ते आवडायचं, पण ते माझं नव्हतं, प्रदर्शनातल्या गाडीसारखं लांबून बघायचं होतं. हे निराळं होतं. मी बाबांचं घड्याळ मागून घेतलं आणि सबंध बाजू मोजली. एकोणीस गाणी. सर्वांत मोठं एक मिनिट एकावन्न सेकंदांचं. एकट्या गिटारचा तुकडा कुठेही पाच सेकंदांच्या वर नाही. ड्रमचं सगळं काम एका साध्या ठेक्यावर, धप-टक धप-टक, पण मिनिटाला दोनशे अठ्ठावीस. गाणारा गात नाही, ओरडतो, आणि ओळीच्या शेवटी बाकीचे सगळे त्याच्याबरोबर ओरडतात, जणू गाणं एकाच्या मालकीचं नाहीच. मध्येच वेग एकदम अर्ध्यावर येतो, सगळं जड होतं, आणि पुन्हा सुटतं. बाजू संपायला सव्वीस मिनिटं दहा सेकंद, असंही मी लिहिलेलं आहे. साठ मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू तीस मिनिटांची हवी, हे मला माहीत होतं. समोर मी लिहिलंय, ‘परदेशी कॅसेट, टेप कमी भरली असावी.’ ही ओळ वाचून आजही मला लाज वाटते.

झेरॉक्सच्या कागदावर टाइप केलेला मजकूर होता. त्याचा सारांश असा की कुणाची वाट बघू नका. तीन सूर येत असतील तर वाजवा, जागा नसेल तर घराचं तळघर वापरा, कंपनी रेकॉर्ड काढत नसेल तर स्वतः काढा, पोस्टर हातानं लिहा. ऐकायला येईल तो वाजवणाऱ्याच्या बरोबरीचा. आणि ज्याला दारू-सिगरेट नको असेल त्यानं तेही छाती काढून सांगावं, त्यात कमीपणा नाही. हे शेवटचं मी आईला मराठीत सांगितल्यावर तिनं त्या आवाजाला परवानगी दिली. म्हणाली, ‘ओरडू देत. निदान शुद्धीवर ओरडतायत.’

या संगीताची व्याख्या काय, असं माझी मुलगी मागे विचारत होती. तिला कॉलेजात काहीतरी लिहायचं होतं. मी वहीतले आकडे सांगितले. ती म्हणाली, ‘बाबा, आकड्यांनी कसं ठरेल?’ तिच्या वयात मला वाटत होतं की आकड्यांनीच ठरतं.

मायानं ठरवलं की आपण वाजवायचं. माझ्याकडे जुनी गिटार होती, चार-पाच कॉर्ड येत होते. गाणार ती. इंग्रजी शब्द एकही कळत नव्हता, म्हणून तिनं चालीवर आपले शब्द लिहिले. पहिलं गाणं होतं ‘पाणी कधी’. ती विचारणार, ‘नळाला पाणी कधी?’ आम्ही ओरडणार, ‘उद्या!’ ‘उद्या म्हणजे कधी?’ ‘परवा!’ सबंध गाणं एवढंच. दुसरं कारखान्यांमागच्या नाल्यावर. तो सोमवारी हिरवा आणि गुरुवारी गुलाबी वाहायचा. ज्या गोष्टी आमची वडीलमंडळी जिन्यात उभं राहून हळू आवाजात बोलायची, त्याच माया घशाच्या शिरा ताणून बोलायची. मला ते फार मोठं वाटलं. अजूनही वाटतं.

ड्रमसाठी रामदास. मानपाड्याच्या बाजूच्या गावातला, आगरी, माझ्याबरोबर शाळेत होता आणि आता आयटीआय करत होता. त्याच्या वडिलांची बेंजो पार्टी होती. लग्नाच्या हळदीला ही पार्टी वाजते आणि अख्खं गाव नाचतं. रामदास त्यात लहानपणापासून ड्रम वाजवायचा. घरामागे भाताच्या गोण्या ठेवायची एक खोली होती, तिथे आमचा सराव सुरू झाला. गोण्यांमुळे आवाज बाहेर कमी जायचा. सराव संपला की त्याची आय तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी द्यायची. भाकरी इतकी पातळ आणि मऊ की माझ्या आईनंही नंतर एकदा जाऊन ती कशी करतात ते विचारलं. उकड किती वेळ काढायची, असं मी विचारलं तर आय म्हणाली, ‘निंगंपर्यंत.’ ती आणि माझी आई एकाच शाळेतल्या.

रामदासनं पहिलं गाणं दोनदा ऐकलं आणि तिसऱ्यांदा वाजवलं. मी घड्याळ दाबलं. सहासष्ट सेकंद.

‘टेपवर अठ्ठावन्न आहे,’ मी म्हणालो.

‘येल थोडा प्रॅक्टिसनं.’

महिनाभरानं सहासष्ट. दुसऱ्या महिन्यात एकदा चौसष्ट, पुन्हा सहासष्ट. मी वहीत रकाना आखला होता. दर वेळी आकडा मोठ्यानं सांगायचो. रामदासच्या उजव्या मनगटाला सूज आली, आय त्याला आंबेहळदीचा लेप लावायची. माझ्या गिटारच्या तारा सारख्या तुटत होत्या, कारण टेपच्या सुरात लावायच्या तर त्या फार ताणाव्या लागत. मायाचा घसा बसलेला. तरी ती सगळ्यांत खूष होती.

‘मना सांग,’ रामदास एकदा लेप लावलेला हात झटकत म्हणाला, ‘तो टेपमधला मानूस खातो काय?’

‘तुझ्या आईची भाकरी नक्कीच नाही,’ माया म्हणाली. ‘ती खाल्ली की झोप येते.’

‘आठ सेकंद मागे आहोत,’ मी म्हणालो.

‘अरे ए घड्याळजी, ठेव ना ते खिशात. मला तर मस्त वाटलं.’

‘वाटण्याचा प्रश्न नाही. वेग हीच या संगीताची ओळख आहे. तोच नसेल तर आपण दुसरंच काहीतरी वाजवतोय.’

तोवर आम्ही कार्यक्रम ठरवून बसलो होतो. रामदासच्या मामाचा मंडप-डेकोरेशनचा धंदा होता. त्याच्या गोदामात रविवारी दुपारी चार वाजता वाजवायचं. मायानं हातानं पोस्टर लिहून झेरॉक्स काढल्या, कॉलेजच्या भिंतींवर लावल्या. तीन आठवडे राहिले होते. त्या दिवशी रामदासनं गाणं वाजवलं, काठ्या खाली ठेवल्या आणि माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, ‘सहासष्ट.’ आणि तिथे थांबलो नाही. पुढचं वाक्य मी वहीत लिहिलेलं नाही, पण विसरलोही नाही. ‘तुला जमणार नाही रे. तुझा हात हळदीचा आहे. तिथे कुणाची तरी आजी नाचते, तिच्या बेतानं वाजवायची सवय लागलीय तुला. हे वेगळं आहे.’

रामदासनं खाली ठेवलेल्या काठ्या उचलल्या. एकेक करून फडक्यानं पुसल्या.

‘हळदीत माझा बाप वाजवतो,’ तो म्हणाला. ‘आन ती आजी माझीच हाय. सत्तर वरसांची. पाहाटंपर्यंत नाचते. तू एक गाना नाचून दाखव, मंग बोल.’

घर त्याचं, आणि उठून तो गेला. दारातून म्हणाला, ‘जाताना कडी लावा.’

मायानं मला शिव्या दिल्या नाहीत, हे वाईट लक्षण होतं. आम्ही मानपाड्याहून चालत निघालो आणि अर्ध्या रस्त्यात ती म्हणाली, ‘शिरीष, तो आला नाही तर मी गाणार नाही.’ तो आला नाही. दोन वेळा मी त्याच्या आयटीआयच्या दाराशी थांबलो, तो दुसऱ्या बाजूनं गेला. मग मी एक मूर्खपणा केला. ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्या एकाकडून रिदम असलेला कीबोर्ड आणला, दोनशे अठ्ठावीसवर लावला. अठ्ठावन्न सेकंद, एक इकडे नाही की तिकडे नाही. मायानं दोन ओळी म्हटल्या आणि थांबली.

‘हे गाणं नाही, मिक्सर आहे.’

‘वेग बरोबर आहे.’

‘असेल. मी मिक्सरवर ओरडणार नाही. ओरडायला शेजारी माणूस लागतो. तू जाऊन त्याची माफी माग.’

‘मी चुकीचं काय बोललो? जमत नाही हे खरंच आहे.’

असं मी म्हणालो. इतका ठाम होतो मी. माझ्या हातात मोजमाप होतं ना.

कार्यक्रमाला आठ दिवस उरले असताना काका मस्कतहून सुटीवर आले. दारात उभे राहून ‘वहिनी!’ म्हणाले तेव्हा भांड्यांच्या मांडणीतली ताटं थरथरली असतील. पोट सुटलेलं, आवाज ढोलासारखा. आई त्यांच्याकडे बघतच राहिली. तिच्या मनातला दीर काटकुळा झालेला होता.

‘भावजी, तब्येत... कॅसेटवर तर तुमचा आवाज...’

‘काय झालं माझ्या आवाजाला?’

आईनं जेवणं झाल्यावर त्यांची शेवटची कॅसेट लावली. काका ऐकत राहिले, मग त्यांनी खुर्चीत आजूबाजूला पाहिलं. ‘हा कोण? ही तर बाई बोलतेय! वहिनी, या बाईच्या तब्येतीसाठी तुम्ही मला दोन वर्षं कुळीथ पाठवलेत?’

आई हसून हसून पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात पळाली. मीही हसलो. बाबा हसले नाहीत. ते उठले, चष्म्याची डबी घेऊन आले आणि काकांनी मस्कतहून आणलेला नवा टेप खोक्यातून काढायला लावला. मला म्हणाले, ‘तुझी ती आरडाओरड्याची कॅसेट आण. त्यातलं एक गाणं तू मोजलेलं आहेस ना?’

आमच्या टेपवर अठ्ठावन्न. नव्या टेपवर सहासष्ट पूर्णांक पाच. बाबांनी दोन्ही तीन-तीनदा मोजलं. मग काकांची कॅसेट नव्या टेपवर लावली आणि काका काकांच्याच आवाजात बोलले. आमचा टेप शेकडा जवळजवळ पंधरानं वेगात पळत होता.

‘हा उघडला कुणी होता?’ बाबांनी विचारलं.

‘मी. पट्टा बदलला तेव्हा. एक स्क्रू फिरवलेला.’

‘फिरवून मोजलंस?’

‘नाही. कानाला बरं वाटेपर्यंत फिरवला.’

ते रागावले नाहीत. घड्याळ फडक्यात गुंडाळत म्हणाले, ‘माणूस मोजायच्या आधी यंत्र तपासायचं असतं. हा तुझा अठ्ठावन्नचा आकडा, कुणाकुणाला सांगितलायस?’

‘एकाला.’

‘मग जा.’

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सायकलनं मानपाड्याला गेलो. नाला त्या दिवशी जांभळा होता. सगळ्या रस्ताभर मी मनात एकच गणित करत होतो. सहासष्ट पूर्णांक पाच आणि सहासष्ट. पहिल्या दिवशी, दोनदाच ऐकून, रामदासनं त्या परदेशी माणसाचा वेग अर्ध्या सेकंदाच्या फरकानं पकडला होता. ऐकत तो माझ्याच टेपवर होता. म्हणजे पळणाऱ्या टेपवरून त्याच्या हातांनी गाण्याचा खरा बेत ओळखला होता, आणि मी तीन महिने त्याला त्या बेतापासून पुढे ढकलत होतो.

आय अंगणात तांदूळ पाखडत होती. ‘आलास काय घड्याळवाला? जा, बग. दोन आठवडं गोणीला बडवतंय. गोणी फाटली, अर्धा भात जमिनीवर.’

रामदास खोलीत होता. मनगटाला कापडी पट्टी. समोर खरंच एक गोणी, मधोमध चिरलेली. त्यानं मान वर केली नाही. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. काका, नवा टेप, स्क्रू.

‘म्हंजे मी पयल्यापासून बरोबर होतो?’

‘पहिल्या दिवसापासून.’

‘आन तू तीन महिने माझा हात सुजवलास.’

‘हो.’

त्यानं काठी गोणीवर आडवी ठेवली. ‘मशीनचा झाला. तू जे बोललास, तो मशीन बोलला काय?’

‘नाही,’ मी म्हणालो. ‘ते मीच बोललो. यंत्र बरोबर असतं तरी ते बोलायचं नव्हतं. चुकलो.’

‘आयसमोर बोल.’

मी अंगणात जाऊन आयसमोर बोललो. हळदीच्या वाजवण्याला मी हलकं म्हणालो, चुकलो. आयनं सूप खाली ठेवलं. ‘आजी नाचते ती तर नाचतेच,’ ती म्हणाली. ‘त्यात काय खोटा बोललास? जेवून जा.’

मला वाटलं संपलं. पण रामदास दारात येऊन म्हणाला, ‘घड्याळ हाय?’

होतं. खिशात होतं, सवयीनं.

तो आत जाऊन गोणीसमोर बसला, पट्टी घट्ट केली, आणि सुरू झाला. मी मनात गाणं म्हणत राहिलो, उद्या, परवा, मधला जड तुकडा, पुन्हा उद्या. तो थांबला. मी काट्याकडे बघितलं आणि पुन्हा एकदा बघितलं.

‘अठ्ठावन्न.’

‘ठाव हाय मना.’

‘अरे पण आता त्याची गरज नाही. खरं गाणं सहासष्टचं आहे. तू सुखानं...’

‘नाय रं,’ तो म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू आलं. ‘सासष्ट त्यांचा. अठ्ठावन आपला.’

नंतर मला पुस्तकांतून आणि इंटरनेटवरून कळलं की या संगीताची सुरुवातही अशीच झाली. आधी पंक नावाचा एक प्रकार होता. दूरच्या शहरांतल्या पोरांनी तो ऐकला आणि त्यांना वाटलं, हे आणखी वेगानं होईल, आणखी कमी शब्दांत, आणखी जोरात. कुणी सांगितलं नव्हतं. त्यांच्या हातून तसं निघालं. मुलीला व्याख्या हवी असेल तर मी आता गोणीसमोर बसलेला रामदास सांगतो. ती म्हणते, हे असाइनमेंटमध्ये लिहिता येणार नाही.

रविवारी दुपारी चार वाजता गोदामात त्रेचाळीस माणसं होती. मी मोजली. एका बाजूला बांबू, दुसऱ्या बाजूला गुंडाळलेले गालिचे, वर लाल-पिवळी कनात टांगलेली. मामा लाकडी स्टेज मांडून द्यायला तयार होते. माया नाही म्हणाली. ‘खालीच उभं राहू या मामा. वर चढलो की भाषण होतं.’ माझ्या तारा आता उतरवून योग्य सुरात लावलेल्या होत्या, त्यामुळे एकही तुटली नाही, आणि मायाला ते कळल्यावर तिनं विचारलं होतं, ‘म्हणजे माझा घसा तुझ्या स्क्रूनं बसवला? ज्येष्ठमधाच्या काड्या आता तू आण.’ मी आणल्या. ती एक काडी चघळत होती. मागे बाबा आणि काका उभे होते. बेंजो पार्टीतले चार जण, रामदासचे वडील, आय, आणि तिच्या शेजारी नऊवारीतली, ताठ पाठीची एक बाई. ती आजी.

रामदासनं काठ्यांवर चार मोजले. पुढचं मला सलग आठवत नाही. एवढं आठवतं की माया ‘नळाला पाणी कधी?’ म्हणाली आणि उत्तर आम्ही दोघांनी देण्याऐवजी सगळ्या गोदामानं दिलं. शब्द कुणाला शिकवले नव्हते. उत्तर सगळ्यांना घरूनच पाठ होतं. कॉलेजची मुलं सुरुवातीला हात बांधून उभी होती. दुसऱ्या गाण्याला बेंजो पार्टीवाले मध्ये घुसले आणि हळदीत धरतात तसा गोल धरला. मुलं त्यात ओढली गेली, एकमेकांवर आपटली, पडणाऱ्याला बाकीच्यांनी बगलेत धरून उचललं. आणि मधला तो जड तुकडा आला, वेग अर्ध्यावर उतरला, तेव्हा आजीनं कासोटा सावरला, गोलात पाऊल टाकलं, आणि जमीन दाबत दाबत नाचली. रामदासनं तिच्याकडे बघत तो तुकडा चौपट लांबवला. माझ्याकडेही बघितलं. मी वाजवत राहिलो. नऊ गाणी होती, चौदा मिनिटांत संपली. लोक हलेनात, म्हणून आम्ही तीच नऊ पुन्हा वाजवली. तेव्हा आजीनं मला मनगटाला धरून गोलात ओढलं. गिटार गळ्यात असताना मी एक अख्खं गाणं नाचलो. नंतर पाच मिनिटं मला बोलता येत नव्हतं. रामदास ड्रममागून ओरडला, ‘आता बोल!’

गर्दी पांगल्यावर बाबा आमच्याकडे आले. कपाळावर घाम, हातात घड्याळ. त्यांनी ते आणलं असेल हे मला वाटायला हवं होतं. रामदास उठून उभा राहिला, शाळेत उभा राहायचा तसा.

‘पहिलं गाणं,’ बाबा म्हणाले, ‘पहिल्या खेपेला सत्तावन्न. दुसऱ्या खेपेला छप्पन्न.’

‘चुकला काय काका?’ रामदासनं बाबांना विचारलं.

बाबांनी मान हलवली. ‘मी पहिल्या खेपेला मागे उभा होतो. दुसऱ्या खेपेला मुद्दाम पुढे आलो, तुझ्या शेजारी. तू घड्याळ पाहिलंस?’

‘पायला ना.’

‘आणि वेग वाढवलास.’

‘वाटला वाढवावा.’

बाबांनी कळ दाबून घड्याळाचा काटा शून्यावर आणला. ‘बावीस वर्षं मी लोकांच्या शेजारी घड्याळ धरून उभा राहतोय,’ ते म्हणाले. ‘मी दिसल्यावर वेग वाढवणारा माणूस आज पहिल्यांदा बघितला.’ मग त्यांनी घड्याळ फडक्यात गुंडाळलं आणि डबी खिशात टाकली.

माझी वही तिथेच गालिच्यावर उघडी होती, रकाना आखलेला. मी विचारलं, ‘छप्पन्न लिहू?’

‘लिहू नकोस,’ बाबा म्हणाले. ‘लिहिलं की नॉर्म होतो.’

वहीत त्या रविवारपुढचा रकाना आजही रिकामा आहे.